सुभेदारांना साक्षीला उभे करू नका

वाचकाचे पत्र (संक्षिप्त) : मी त्र्याहत्तर वर्षांचा असून खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालो आहे. हॉकीचा नाद लहानपणापासूनचा. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकची अंतिम लढत शेजाऱ्यांच्या रेडिओवर ऐकली, तेव्हापासून आजतागायत तो सुटलेला नाही. आमच्या भागात तरुणांचे मंडळ दरवर्षी हॉकीची स्पर्धा भरवते. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, १९७१ चे युद्ध पाहिलेले एक गृहस्थ गेली अनेक वर्षे गोलपोस्टमागच्या कट्ट्यावर माझ्या शेजारी बसून सामने पाहत. यंदा अंतिम सामन्याच्या दिवशी त्यांचा जाहीर सत्कार करायचे मंडळाने ठरवले. मागे रणगाडा आणि पुढे त्यांचा फोटो असा फ्लेक्सही तयार झाला. त्याच सुमारास पाकिस्तानशी हॉकी खेळावी की नाही यावरून माझा आणि माझ्या मुलाचा, जो मंडळाचा पदाधिकारी आहे, चहाच्या टपरीवर जोरदार वाद झाला. खेळावे असे माझे मत, खेळणे म्हणजे जवानांचा अपमान असे त्याचे. मी म्हणालो, "ज्यांनी लढाई केली त्यांनाच विचार," आणि सुभेदारांकडे वळलो. ते काही न बोलता उठून गेले. त्यानंतर ते मैदानावर फिरकलेले नाहीत आणि सत्कारालाही त्यांनी नकार कळवला आहे. त्यांना परत कसे आणावे? सत्काराचे काय करावे? आणि माझे मत चुकीचे आहे का? शिवाय सत्कारासाठी जमवलेले एकवीस हजार रुपये पडून आहेत, तेही सांगावे.

आदरणीय महोदय,

स. न. वि. वि.

आपले पत्र दोनदा वाचले. आपण प्रश्न चार विचारले आहेत, तरी त्यांतला पहिलाच खरा कठीण आहे आणि बाकीच्यांची उत्तरे बऱ्याच अंशी त्याच्यावर अवलंबून आहेत. म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहितो.

टपरीवर आपण सुभेदारांना त्यांचे मत विचारले, असे आपण लिहिता. माझ्या मते आपण त्यांच्याकडे साक्ष मागितली. मत विचारणाऱ्याला उत्तर कुठलेही चालते. साक्ष मागणाऱ्याला एकच उत्तर हवे असते, आणि ते चारचौघांसमोर, समोरचा गप्प व्हावा इतक्या वजनाचे हवे असते. आपल्या चिरंजीवांनी त्यांना फ्लेक्सवर उभे केले आणि आपण त्यांना वादात उभे केले. आपला हेतू शुद्ध होता हे मी मान्य करतो, पण चिरंजीवांचाही हेतू वाईट नव्हता. दोघांनीही त्या माणसाच्या आयुष्यातली एकच गोष्ट उचलली, म्हणजे त्यांनी युद्ध पाहिले ही, आणि आपापल्या बाजूच्या पारड्यात टाकली. मुलगा आणि वडील एकमेकांशी भांडत असताना दोघेही स्वतःला एकाच कामासाठी वापरत आहेत हे सुभेदारांच्या ध्यानात आले असावे. ते उठून गेले यात मला नवल वाटत नाही.

यात आणखी एक बाजू आहे, जी लष्कराबाहेरच्या आपल्यासारख्यांना सहसा जाणवत नाही. सैन्यात असताना जवानाला किंवा अधिकाऱ्याला राजकीय विषयावर जाहीर बोलण्याची मुभा नसते. वर्तमानपत्राशी बोलायचे तरी परवानगी लागते. पंचवीस-तीस वर्षे जो माणूस असा वागला, त्याची ही सवय पेन्शन सुरू झाली म्हणून दुसऱ्या दिवशी सुटत नाही. वाहिन्यांवर रोज रात्री छातीवरच्या पदकांसह तावातावाने बोलणारे निवृत्त अधिकारी आपण पाहतो आणि सगळे माजी सैनिक तसेच असतील असा आपला समज होतो. प्रत्यक्षात गावोगावच्या बहुतेक माजी सैनिकांना त्या चर्चेत कोणी बोलावलेले नसते आणि बोलावले तरी ते जाणार नाहीत. शिवाय त्यांचे एकमत असते असेही नाही. एकाच पलटणीत, एकाच खंदकात राहिलेले दोघे जण पाकिस्तानविषयी, सरकारविषयी, खेळाविषयी अगदी उलट मते बाळगून असू शकतात, जशी एकाच कारखान्यात आयुष्य काढलेल्या आपल्या सहकाऱ्यांची असतील. 'सैनिकांना काय वाटते' असे एक वाक्य कोठे अस्तित्वातच नाही.

आपण हॉकीचे जाणकार आहात, म्हणून आपल्याच खेळातली उदाहरणे देतो. हरिपाल कौशिक १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकच्या सुवर्णविजेत्या संघात होते. १९६२ च्या ऑक्टोबरात ते शीख रेजिमेंटचे अधिकारी म्हणून तवांगच्या बाजूला चिन्यांशी लढले, त्यांना वीरचक्र मिळाले, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी ते टोकियोत पुन्हा सुवर्णपदक घेऊन उभे होते. आपण रेडिओवर ऐकलेल्या त्या लढतीत भारताच्या गोलमध्ये शंकर लक्ष्मण होते. महूचा हा मुलगा बँडवाला म्हणून सैन्यात भरती झाला आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पाचव्या पलटणीतून वर आला. मोहिंदरलालने केलेल्या एका गोलवर भारताने तो सामना जिंकला, पण पाकिस्तानचे पेनल्टी कॉर्नर लक्ष्मणच्या पॅडवर आदळून परतले नसते तर तो एक गोल पुरला नसता. समोरच्या संघाचे कर्णधार मंझूर हुसेन आतिफ. तेही लष्करी पेशाचे, पुढे ब्रिगेडियर झाले. म्हणजे त्या दिवशी दोन्ही बाजूंना फौजी होते, आणि वर्ष उलटायच्या आत, १९६५ च्या सप्टेंबरात, त्याच दोन फौजा पंजाबच्या शेतांत एकमेकींसमोर उभ्या ठाकल्या.

हे वाचून, 'पाहा, फौजी माणसेसुद्धा पाकिस्तानशी खेळत होती,' असा निष्कर्ष काढावासा आपल्याला वाटेल. कृपया तसे करू नये. याच तपशिलावरून चिरंजीव म्हणू शकतील की इतके खेळूनही युद्ध टळले नाही, मग खेळायचे कशाला. या माणसांच्या आयुष्यातून आपल्या वादाचा निकाल लागत नाही. कौशिकांनी दोन्ही कामे केली, दोन्ही चोख केली आणि एकाचा अर्थ दुसऱ्यातून लावायला ते कोणाला सांगत बसले नाहीत.

लक्ष्मणांविषयी एक गोष्ट मात्र सत्काराच्या संदर्भात सांगायला हवी. १९६६ च्या आशियाई स्पर्धेत ते भारताचे कर्णधार होते आणि त्या संघाने सुवर्ण जिंकले. अर्जुन पुरस्कार, पद्मश्री, सैन्यातून मानद कॅप्टन म्हणून निवृत्ती, सगळे काही रीतसर झाले. २००६ मध्ये महूला पायाच्या गँगरीनने ते गेले, तेव्हा घरची परिस्थिती ओढगस्तीची होती. मेजर ध्यानचंद त्याआधी, १९७९ च्या डिसेंबरात, दिल्लीच्या एम्समध्ये जनरल वॉर्डात वारले. आज देशातला सर्वोच्च क्रीडा पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो. आपल्याच सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कायमचे अपंग झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्ण जिंकून आले. पद्मश्री त्यांना मिळाली २०१८ मध्ये. शाल-श्रीफळाचा आपल्याकडे कधीच तुटवडा नव्हता. माणूस आजारी पडला, त्याला ऐकू येईनासे झाले, कागदपत्रांसाठी खेटे घालावे लागले, अशा वेळी घरापर्यंत जाणारे थोडे असतात.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाचे प्रत्यक्ष उत्तर. सुभेदारांकडे एकट्याने जावे. मंडळाचे कार्यकर्ते, चिरंजीव, पुष्पगुच्छ यांपैकी काहीही बरोबर नको. "त्या दिवशी मी तुम्हाला मध्ये ओढायला नको होते," एवढे एक वाक्य बोलावे आणि तेथेच थांबावे. मी असे का विचारले, माझ्या मनात काय होते, मुलगा कसा ऐकत नाही, हा खुलासा सुरू केलात की पुन्हा तोच खटला उभा राहील आणि ते पुन्हा साक्षीदार होतील. त्यांनी, "अहो, त्यात काय," म्हणून विषय उडवला तर उडू द्यावा. मग आपण ज्यावर वर्षानुवर्षे बोलत आला आहात त्यावर बोलावे. आपल्या मूळ पत्रातला एक तपशील मला फार आवडला : पेनल्टी कॉर्नर मिळाला की सुभेदार हातातले वर्तमानपत्र घडी घालून मांडीखाली सरकवतात, पुढे सरकून बसतात आणि पोरसवदा गोलकीपरला बारीक आवाजात "पुढे ये, पुढे ये, रेषेवर मरू नकोस," असे सांगतात, जे त्याला कधीच ऐकू जात नाही. या माणसाशी बोलण्यासारखे आपल्याकडे किती आहे! यंदाच्या संघांचे गोलकीपर कसे आहेत, ड्रॅग फ्लिकच्या, म्हणजे स्टिकने चेंडू ओढत नेऊन गोलवर भिरकावण्याच्या, जमान्यात रेषा सोडून पुढे येणे किती शहाणपणाचे, टर्फवर चेंडू इतका वेगाने येत असताना जुन्या पद्धतीचे पायाने अडवणे कितपत चालते, हे विषय त्यांना युद्धापेक्षा नक्कीच जवळचे आहेत.

युद्धाविषयी आपण होऊन काहीही विचारू नये. 'किती मारले', 'भीती वाटली का', 'तेव्हा नेमके काय झाले' हे प्रश्न तर कधीच नकोत. माजी सैनिकाला मनापासून आवडणारा प्रश्न एकच असतो, 'कोणती पलटण?', आणि तो आपण बहुधा पूर्वीच विचारला असेल. त्यांना सांगायचे असेल तेव्हा ते कधी तरी आपण होऊन बोलतील. ते बेळगावच्या मराठा सेंटरमधल्या रंगरूटपणाविषयी असेल, उस्तादाच्या शिव्यांविषयी असेल, बंगालच्या चिखलाविषयी असेल किंवा परत न आलेल्या एखाद्या सोबत्याविषयी असेल. त्या वेळी मोबाइल बाहेर काढू नये. हल्ली ज्येष्ठांच्या आठवणी 'जतन' करण्याचा उत्साह फार आहे आणि तो चांगलाही आहे, परंतु समोर कॅमेरा आला की पुष्कळ माणसे आपल्या आठवणीऐवजी लोकांना अपेक्षित असलेली आठवण सांगू लागतात.

एवढे करूनही ते मैदानावर आले नाहीत, तर? तर आपण त्यांच्याकडे जात राहावे. कट्ट्यावरची त्यांची जागा परत मिळवून देणे आपल्या हातात नाही.

सत्काराबद्दल. त्यांनी नकार कळवला आहे आणि नकार म्हणजे नकार. 'ते संकोचतात, आपण आग्रह केला पाहिजे' ही आपली लाडकी समजूत माजी सैनिकाच्या बाबतीत तरी बाजूला ठेवावी. फ्लेक्स उतरवण्याचे काम चिरंजीवांकडून करून घ्यावे, आणि तेही सुभेदारांच्या कानावर घालावे, कारण आपले छायाचित्र रणगाड्यासमोर रस्त्यावर टांगलेले आहे या जाणिवेने त्यांना भाजी आणायला बाहेर पडणेही नको झाले असेल. मंडळाला त्यांच्यासाठी खरोखरच काही करायचे असेल तर स्पर्धेआधीच्या आठवड्यात एक दिवस सकाळी गोलकीपर मुलांना तासभर मार्गदर्शन कराल का, असे विचारावे. व्यासपीठ नाही, ध्वनिक्षेपक नाही, आमदार नाहीत. ही विनंती ते मान्य करतील की नाही मी सांगू शकत नाही, पण ती विनंती त्यांच्याकडे असलेल्या विद्येची आहे.

आणि हो, एक विचारायचे राहिले. आपल्या स्पर्धेच्या दिवशी फाटकावर कोण असते? जवान पस्तिशी-चाळिशीच्या आसपास निवृत्त होतो, मुले शाळेत असतात, घराचे हप्ते चालू असतात, म्हणून तो बँकेत, सोसायटीत, कारखान्याच्या गेटवर रखवालीची दुसरी नोकरी धरतो. आपल्या भागात तर अशी माणसे पावलोपावली असणार. व्यासपीठावर एका माजी सैनिकाला शाल पांघरताना खाली गाड्या लावून घेणारा दुसरा माजी सैनिक कार्यकर्त्यांची अरेरावी ऐकून घेत असेल, तर त्या शालीला काय अर्थ आहे? यंदा चिरंजीवांना एवढे तरी करायला सांगावे की फाटकावरच्या माणसाला खुर्ची, पाणी आणि वेळेवर जेवण मिळेल आणि त्याला 'ए' म्हणून कोणी हाक मारणार नाही.

आता आपल्या मताविषयी. ते चुकीचे आहे असे मला वाटत नाही, पण आपण ते ज्या पद्धतीने मांडता ती मला पटत नाही. पत्रात आपण, "खेळात राजकारण आणू नये," असे म्हटले आहे. महोदय, हॉकीत ते नव्हते केव्हा? अली दारा १९३६ च्या बर्लिनमध्ये ध्यानचंदांच्या नेतृत्वाखाली भारताकडून खेळले आणि १९४८ मध्ये लंडनला पाकिस्तानचे कर्णधार म्हणून आले. १९७१ चा पहिला विश्वचषक पाकिस्तानात व्हायचा होता. दोन देशांतल्या तणावामुळे तो बार्सिलोनाला हलवावा लागला. तेथे ऑक्टोबरात उपांत्य फेरीत पाकिस्तानने आपल्याला २-१ असे हरवले आणि डिसेंबरात युद्ध पेटले. बहुधा त्याच ऑक्टोबरात आपले सुभेदार, विशी-बाविशीचे पोर, पूर्व सीमेकडे निघण्याच्या तयारीत असतील. पुढे १९७५ मध्ये क्वालालंपूरला अशोककुमारच्या गोलवर आपण पाकिस्तानला त्याच फरकाने हरवून विश्वचषक आणला, तेव्हा युद्धाला चार वर्षेही पूर्ण झाली नव्हती, आणि खेळायला नको होते असे म्हणणारा माणूस त्या दिवशी तरी मिळाला नसता. जिंकलो होतो ना! राजकारण होतेच, प्रत्येक वेळी त्याचे काय करायचे हे नव्याने ठरवावे लागले.

आजही तेच चालू आहे. पहलगामच्या हत्याकांडानंतर आणि ऑपरेशन सिंदूरनंतर, २०२५ च्या ऑगस्टमध्ये, केंद्र सरकारने आपले धोरण स्पष्ट केले : पाकिस्तानशी द्विपक्षीय सामने नाहीत, मात्र अनेक देशांच्या स्पर्धांत भारतीय संघ खेळतील आणि पाकिस्तानी संघांनाही भारतात अशा स्पर्धांसाठी येता येईल. बिहारमधल्या राजगीरच्या आशिया चषकाला पाकिस्तानचा हॉकी संघ तरीही आला नाही. तो चषक भारताने जिंकला. त्यानंतर दुबईत क्रिकेटपटूंनी हस्तांदोलन टाळले, तर ऑक्टोबरात मलेशियात जोहोर चषकात दोन्ही देशांच्या कनिष्ठ हॉकीपटूंनी सामन्यापूर्वी एकमेकांना टाळ्या दिल्या आणि सामना ३-३ असा बरोबरीत सोडवला. म्हणजे एकाच देशाचे, एकाच मोसमातले दोन संघ दोन तऱ्हांनी वागले आणि देश दोन्ही वेळा जागच्या जागी राहिला.

माझे स्वतःचे मत विचाराल तर सध्याची ही रेघ मला बरीचशी व्यवहार्य वाटते. जागतिक स्पर्धेतून आपण अंग काढून घेतले तर गुण समोरच्याला मिळतात आणि चार वर्षे घाम गाळलेल्या आपल्याच मुलाचे नुकसान होते. द्विपक्षीय मालिका मात्र पाहुणचार असतो, आणि पाहुणचार करायचा की नाही हा यजमानाच्या मनःस्थितीचा प्रश्न आहे. त्याच वेळी, पहलगाममध्ये ज्यांचे माणूस गेले किंवा ज्या घरातला मुलगा सीमेवरून तिरंग्यात परत आला, त्या घराला असा सामना पाहवत नसेल तर त्यांनी तो का पाहावा, असे विचारण्याचा अधिकार मला नाही आणि आपल्यालाही नाही. आपल्या चिरंजीवांच्या बोलण्यात आवेश फार आहे, पण या घरांविषयीची कणव त्यात कोठे तरी आहे, हे आपण वाद घालताना विसरता असे पत्रावरून दिसते.

त्यामुळे मुलाशी वाद खुशाल घालावा; फक्त तो स्वतःच्या बळावर घालावा. साठ वर्षे हा खेळ पाहिलेला माणूस म्हणून आपल्याला जे वाटते ते, 'मला वाटते' असे म्हणून सांगावे. त्याने, "जवानांचा अपमान होतो," असे म्हटले तर, "कोणत्या जवानाने तुला तसे सांगितले?" एवढेच विचारावे, आणि त्याने उलट आपल्याला तेच विचारले तर निमूटपणे ऐकून घ्यावे. जवानांना मध्ये न आणता दोघांचे बोलणे किती वेळ चालते ते पाहावे. मला वाटते, बराच वेळ चालेल, कारण मग सामन्याच्या गुणतक्त्यापासून प्रायोजकांपर्यंत आणि परराष्ट्र धोरणापासून प्रेक्षकांच्या वागणुकीपर्यंत पुष्कळ गोष्टी बोलायला लागतील, ज्या 'जवानांचा अपमान' या दोन शब्दांखाली आतापर्यंत दडपल्या गेल्या होत्या.

राहता राहिले एकवीस हजार रुपये. ते सत्कारासाठी मागितले होते, तेव्हा ज्यांनी वर्गणी दिली त्यांना बेत बदलल्याचे आधी सांगावे. ही गोष्ट आपल्याकडे हटकून राहून जाते. त्यांची हरकत नसेल तर आपल्याला दूर जाण्याची गरज नाही. मणक्याला इजा होऊन कमरेखाली किंवा मानेखाली लुळे पडलेल्या सैनिकांसाठी १९७४ पासून चालणारे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र खडकीतच आहे, आणि अपंग जवानांना हातात काम देणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट तर पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, सुरू झालेली आहे. आपण आयुष्यभर त्यांच्यावरून सायकलने गेला असाल. पैसे पाठवण्यापूर्वी चिरंजीवांना घेऊन तेथील कार्यालयात जावे आणि कशाची गरज आहे ते विचारून यावे. ते जमत नसेल तर ७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनाचा निधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात स्वीकारला जातो. दोन्हीकडे पावती मिळते. ती मंडळाच्या नावाने घ्यावी, सुभेदारांच्या नावाने घेऊ नये, आणि तिचा फ्लेक्स करू नये.

आपला,
सदरलेखक